रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची पोषण-चाळणी : एका प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

मूल रुग्णालयात दाखल झाले की पहिल्या काही मिनिटांत त्याचे वजन घेतले जाते आणि तो आकडा केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला जातो. त्याचा उपयोग कशासाठी होतो, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल : औषधाचा डोस ठरवण्यासाठी. मुलांना औषध किलोमागे अमुक मिलिग्रॅम या हिशेबाने देतात, त्यामुळे वजन हवेच. पण त्याच आकड्याला दुसरा प्रश्नही विचारता येतो. या वयाच्या, या उंचीच्या मुलाचे वजन एवढेच असावे का? पुढचे आठ दिवस हे मूल नीट जेवू शकले नाही तर त्याचे काय होईल?

पहिला प्रश्न सगळीकडे विचारला जातो. दुसरा बराच काळ विचारलाच गेला नाही, आणि आजही सगळीकडे विचारला जात नाही. न्यूमोनिया, हृदयविकार, रक्ताचा कर्करोग किंवा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया यांसाठी आलेल्या मुलाचे पोषण हा त्याच्या 'मुख्य' आजाराच्या मागे दडलेला भाग असतो. ज्या मुलाच्या पोषणाला धोका आहे ते मूल वेळेत हेरण्यासाठी दाखल करतानाच काही मोजके प्रश्न विचारणे, याला आपण या पाठात 'पोषण-चाळणी' म्हणू. चाळणी म्हणजे निदान नव्हे. धान्य चाळताना आपण प्रत्येक दाणा तपासत नाही, कोणते दाणे हातात घेऊन पाहायचे एवढेच ठरवतो. इथेही तसेच.

विषय वैद्यकाचा असला तरी त्याच्या मुळाशी मोजमाप, सीमारेषा आणि चूक या तीन गोष्टी आहेत. म्हणून तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

१. मेक्सिकोतील एक बालरुग्णालय

कुपोषणाची पहिली व्यापक श्रेणीपद्धत गावातल्या पाहणीतून आली असावी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती रुग्णालयातून आली. मेक्सिको सिटीतील बालरुग्णालय १९४३ मध्ये सुरू झाले. त्याचे संस्थापक संचालक फेडेरिको गोमेझ यांनी १९४६ मध्ये कुपोषणाच्या तीन श्रेणी मांडल्या. त्या वयाच्या सरासरी वजनाशी तुलना करून मुलाचे वजन ७५ ते ९० टक्के असेल तर पहिली श्रेणी, ६० ते ७५ टक्के असेल तर दुसरी आणि ६० टक्क्यांहून कमी असेल तर तिसरी.

या श्रेणी कशासाठी होत्या, हे नीट पाहिले पाहिजे. गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाचा विषय होता दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीतील मुलांचे मृत्यू. दाखल झालेल्या मुलांपैकी कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे श्रेणी केवळ वर्णन करत नव्हती, पुढे काय होऊ शकते याचा अंदाजही देत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ते 'जोखीम' मोजत होते.

वजनाच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, ही गोष्टही तोवर माहीत झालेली होती. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉक्टर सिसली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये मक्यावर वाढणाऱ्या लहान मुलांच्या एका आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याला तिथल्या गा भाषेतील नाव वापरले : क्वाशिओरकर. धाकटे भावंड आले की आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा रोख आहे. या मुलांच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज असते. सूज म्हणजे पाणी, आणि पाण्यालाही वजन असते. त्यामुळे काटा फसवा आकडा दाखवतो. पुढे १९७० मध्ये ठरलेल्या 'वेलकम' वर्गीकरणात वजनाबरोबर सूज आहे की नाही, हा वेगळा निकष घेतला गेला तो याचसाठी. यकृत किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने सूज आलेल्या, अथवा पोटात मोठी गाठ असलेल्या मुलाच्या बाबतीत हीच अडचण आजच्या वॉर्डमध्येही येते.

२. रुग्णालयाबाहेरचा प्रवास

१९५० नंतरच्या दोन-अडीच दशकांत कुपोषण मोजण्याचे काम मुख्यतः रुग्णालयाबाहेर वाढले. त्याला सबळ कारण होते. आजारी मुलांपैकी फार थोडी रुग्णालयापर्यंत पोहोचत. नायजेरियातील इमेसी या गावी काम करणारे डेव्हिड मॉर्ली यांनी वाढीचा तक्ता आईच्या हाती दिला. दर महिन्याचे वजन बिंदूने दाखवायचे आणि रेषा वर जाते की आडवी होते ते पाहायचे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेषेची दिशा जास्त सांगते, हा त्यामागचा विचार. डेरिक जेलिफ यांनी १९६६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लोकसमूहाची पोषणस्थिती तपासण्याविषयीचे पुस्तक लिहिले. त्यातून दंडाचा घेर मोजण्याची पद्धत दूरवर पोहोचली.

नायजेरियातील यादवी युद्धाच्या काळात क्वेकर सेवापथकाने दंडाचा घेर आणि उंची यांची सांगड घालणारी एक काठी वापरली. काठीवर उंचीच्या जागी दंडाच्या घेराचे आकडे लिहिलेले असत. मूल काठीजवळ उभे करायचे, दंड मोजायचा, आणि घेराच्या आकड्यापेक्षा मूल उंच असेल तर ते कुपोषित समजायचे. वजनकाटा नाही, गणित नाही, तक्ता नाही. रांगेत शेकडो मुले उभी असताना असेच साधन उपयोगी पडते. १९७० च्या दशकात बगदादमधील अदनान शाकिर यांनी मॉर्ली यांच्याबरोबर रंगीत पट्टी पुढे आणली. अंगणवाडीत आज दिसणारी लाल-पिवळी-हिरवी पट्टी याच घराण्यातली.

जमैकात दीर्घकाळ संशोधन केलेल्या जॉन वॉटरलो यांनी १९७२ मध्ये एक मूलभूत फरक स्पष्ट केला. वयाच्या मानाने वजन कमी असलेली दोन मुले एकसारखी नसतात. एक उंचीने ठीक पण अंगाने रोडावलेले असते. दुसऱ्याची उंचीच खुंटलेली असते, पण उंचीच्या मानाने वजन बरे असते. पहिल्याचे नुकसान ताजे, दुसऱ्याचे जुने. गोमेझ यांच्या श्रेणीत ही दोन्ही मुले एकाच खान्यात पडत. त्याच वर्षी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, वयानुसार वजनावर आधारित चार श्रेणी ठरवल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाड्यांनी पुढे अनेक वर्षे त्याच वापरल्या.

या काळाने आपल्याला पट्टी, तक्ता आणि निर्देशांक दिले. पण एक गोष्ट हळूहळू मागे पडली. ही साधने 'हे मूल आज कसे आहे' एवढेच सांगत. गोमेझ यांचा मूळ प्रश्न, म्हणजे रुग्णालयातल्या या मुलाचे पुढे काय होईल, हा बाजूला राहिला. कुपोषण हा गरीब देशांचा, गावांचा, छावण्यांचा विषय आणि रुग्णालय हे उपचाराचे ठिकाण, अशी वाटणी मनात पक्की झाली.

३. कपाटातला सांगाडा

ही वाटणी मोडली ती एका श्रीमंत देशात. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ मध्ये एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय होता 'रुग्णालयाच्या कपाटातला सांगाडा'. त्यांचे म्हणणे असे की आधुनिक रुग्णालयात रुग्ण उपाशी राहतात आणि त्याला अनेकदा रुग्णालयाच्याच सवयी कारणीभूत असतात. त्यांनी दिलेल्या सवयींची यादी आजही जुनी वाटत नाही. उंची-वजन लिहून न ठेवणे. नुसत्या ग्लुकोज-सलाईनवर दिवसेंदिवस ठेवणे. तपासण्यांसाठी पुन्हा पुन्हा जेवण चुकवणे. रुग्णाने ताटातले किती खाल्ले ते कोणीही न पाहणे. कर्मचारी सतत बदलत राहिल्याने जबाबदारी कोणाचीच न राहणे.

ही तक्रार अगदीच नवी नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, परिचर्येवरील आपल्या पुस्तकात, अन्न समोर असूनही केवळ दुर्लक्षामुळे उपाशी राहणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले होते. फरक असा की आता मोजमापाची साधने हाताशी होती आणि तरीही ती वापरली जात नव्हती.

मुलांकडेही लक्ष वळले. मेरिट आणि सस्किंड यांनी १९७९ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातील मुलांची पोषण-पाहणी प्रसिद्ध केली. जगातल्या नामवंत बालरुग्णालयांपैकी एक असलेल्या त्या ठिकाणी, पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही असताना, कुपोषित मुले होती. कारण इथले कुपोषण घरात अन्न नसल्याने आलेले नव्हते. आजाराने भूक मारली, तापाने गरज वाढवली, अतिसाराने किंवा उलटीने खाल्लेले टिकू दिले नाही, आणि उपचारांनी जेवणाच्या वेळा मोडल्या. याला पुढे 'आजाराशी निगडित कुपोषण' असे नाव मिळाले.

मुलाच्या बाबतीत हे जास्त गंभीर का? प्रौढाला शरीर टिकवायचे असते, मुलाला टिकवून शिवाय वाढवायचेही असते. त्याचा साठा कमी आणि किलोमागे ऊर्जेची गरज जास्त. प्रौढाला चार दिवस जेवण कमी गेले तर जे घडते, तेच लहान बाळाच्या बाबतीत फार लवकर घडते.

तरीही ओळखण्यातली ढिलाई सहज गेली नाही. १९९४ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे मॅक्विर्टर आणि पेनिंग्टन यांनी दाखल झालेल्या ५०० प्रौढ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी २०० जणांचे पोषण कमी होते. या २०० पैकी केवळ ९६ जणांच्या कागदपत्रांत पोषणाविषयी काही नोंद होती. पाहणी प्रौढांची असली तरी धडा सगळ्या वॉर्डांना लागू होता : समोर असलेली गोष्टही कोणी विचारल्याशिवाय दिसत नाही.

४. 'स्थिती'कडून 'जोखमी'कडे

इथून पुढची पायरी म्हणजे नियमित चाळणी. चाळणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंग्नर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवले होते. त्यांतला एक आपल्या विषयाला थेट लागू पडतो. जी गोष्ट शोधायची तिच्यावर उपाय उपलब्ध हवा. शोधून काढले आणि पुढे काहीच करता आले नाही, तर चाळणीला अर्थ राहत नाही.

मुलांसाठी पहिला लक्षणीय प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. सर्मे-गोदेलुस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये २९६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात असताना त्यांपैकी ६५ टक्के मुलांचे वजन घटले. कोणत्या मुलांचे घटेल, हे आधी सांगता येईल का, हे त्यांनी तपासले. उत्तरात तीन गोष्टी पुढे आल्या : मूल निम्म्याहून कमी खाते का, त्याला वेदना आहेत का आणि आजार किती गंभीर आहे. मूल आज किती बारीक आहे, यापेक्षा उद्या त्याचे काय होईल, हा प्रश्न पुन्हा मध्यभागी आला होता. गोमेझ यांचा प्रश्न जणू चाळीसहून अधिक वर्षांनी रुग्णालयात परतला.

कॅनडातील टोरांटो येथे सेकर आणि जीजीभॉय यांनी २००७ मध्ये शस्त्रक्रिया होणाऱ्या १७५ मुलांवर वेगळा मार्ग तपासला. आकड्यांपेक्षा माहिती विचारून आणि अंगावरची चरबी, स्नायू पाहून तज्ज्ञाने एकूण मत द्यायचे. ज्या मुलांचे पोषण कमी ठरले त्यांना शस्त्रक्रियेनंतर संसर्ग अधिक झाले आणि त्यांचा मुक्कामही लांबला. पद्धत खोलवर जाणारी होती, पण तिला वेळ आणि सराव लागे. वॉर्डमध्ये रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेला ती परवडणारी नव्हती.

मग २०१० च्या सुमारास तीन छोटी साधने जवळजवळ एकाच वेळी आली.

मँचेस्टरच्या गटाचे 'स्टॅम्प' तीन गोष्टींना गुण देते : आजाराचा पोषणावर होणारा परिणाम, मुलाचे खाणे, आणि वजन-उंचीचा मेळ.

ग्लासगोच्या गेरासिमिडिस आणि सहकाऱ्यांचे 'पीवायएमएस' चार पायऱ्यांचे आहे. उंचीच्या मानाने वजन फार कमी आहे का? अलीकडे वजन घटले का? गेल्या आठवड्यात खाणे कमी झाले का? आणि या आजारामुळे किंवा उपचारांमुळे येत्या आठवड्यात खाण्यावर परिणाम होईल का? चौथा प्रश्न सरळ भविष्याविषयी आहे.

नेदरलँड्समधील हुल्स्ट, योस्टेन आणि सहकाऱ्यांचे 'स्ट्राँगकिड्स' तर वजनकाट्याशिवायही भरता येते. मूल पाहून काय वाटते, आजार जोखमीच्या यादीतला आहे का, खाणे कमी किंवा उलट्या-जुलाब आहेत का, वजन घटले किंवा वाढायचे थांबले आहे का, असे चार प्रश्न. एकूण गुण पाच. शून्य म्हणजे कमी जोखीम, एक ते तीन मध्यम, चार-पाच जास्त. त्यांनी ४४ रुग्णालयांतील ४२४ मुलांवर ते वापरून पाहिले आणि ९८ टक्के मुलांच्या बाबतीत ते पूर्ण भरता आले. त्यांपैकी ५४ टक्के मुले मध्यम आणि ८ टक्के जास्त जोखमीत निघाली.

साधन भरता येणे हाही एक गुण आहे, हे इथे ध्यानात घ्या. प्रयोगशाळेत उत्तम चालणारे पण वॉर्डमध्ये कोणी हातात न घेणारे उपकरण निरुपयोगीच.

५. चाळणीचीच परीक्षा

आता या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. चाळणी चुकते तेव्हा दोन प्रकारे चुकते. धोका असलेले मूल तिच्यातून निसटते, किंवा धोका नसलेले मूल अडकते. धोका असलेल्या शंभर मुलांपैकी किती पकडली, ही साधनाची संवेदनशीलता. धोका नसलेल्या शंभरांपैकी किती बरोबर सोडली, ही विशिष्टता.

ग्लासगोच्या गटाने आपल्याच साधनाची अशी परीक्षा घेतली आणि निकाल न लपवता छापला. परिचारिकांनी भरलेल्या तक्त्यांची आहारतज्ज्ञांनी केलेल्या पूर्ण तपासणीशी तुलना केली. आहारतज्ज्ञांच्या मते जास्त जोखमीच्या असलेल्या मुलांपैकी ५९ टक्के मुले चाळणीने पकडली. आणि चाळणीने जास्त जोखमीची म्हणून दाखवलेल्या मुलांपैकी ४७ टक्के मुलांच्याच बाबतीत आहारतज्ज्ञांनी तसे मत दिले. विशिष्टता ९२ टक्के होती.

९२ टक्के विशिष्टता असूनही निम्म्याहून अधिक इशारे खोटे कसे? एका काल्पनिक वॉर्डचे गणित करू. वर्षाला १००० मुले दाखल होतात आणि त्यांपैकी १०० खरोखर जोखमीत आहेत. संवेदनशीलता सोयीसाठी ६० टक्के धरू. १०० पैकी ६० सापडली, ४० निसटली. उरलेल्या ९०० निर्धोक मुलांपैकी ८ टक्के, म्हणजे ७२ मुले, चुकून अडकली. एकूण १३२ इशारे, त्यांतले खरे ६०, म्हणजे सुमारे ४५ टक्के.

आता तेच साधन अशा वॉर्डमध्ये नेऊ जिथे १००० पैकी ४०० मुले जोखमीत आहेत. सापडली २४०, निसटली १६०. उरलेल्या ६०० पैकी ४८ चुकून अडकली. एकूण २८८ इशारे, त्यांतले खरे सुमारे ८३ टक्के. साधन तेच, प्रश्न तेच, परिचारिका तितकीच काळजी घेणारी. तरी एका वॉर्डमध्ये निम्म्याहून अधिक इशारे खोटे आणि दुसऱ्यात बहुतेक खरे. पण याच दुसऱ्या वॉर्डमध्ये निसटलेल्या मुलांची संख्या चौपट झाली आहे. 'इशारे बहुतेक खरे ठरतात' म्हणून समाधान मानले, तर ही १६० मुले हिशेबातच येत नाहीत.

युरोपातील १२ देशांच्या १४ रुग्णालयांनी मिळून २५६७ मुलांवर तिन्ही साधने शेजारी शेजारी लावून पाहिली. शूर्दाकिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तो निकाल मांडला. तीच मुले, पण 'जास्त जोखीम' ठरलेल्यांचे प्रमाण स्ट्राँगकिड्समध्ये १० टक्के, स्टॅम्पमध्ये २३ टक्के आणि पीवायएमएसमध्ये २५ टक्के. शिवाय मोजमापात सरळ कमी निघालेली काही मुले चाळणीने 'कमी जोखीम' ठरवली होती. म्हणून या गटाने कोणत्याही एका साधनाची शिफारस केली नाही.

मग इतकी वर्षे केलेले काम वाया गेले का? तसे नाही. योस्टेन आणि हुल्स्ट यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले होते की साधनांचे हेतूच वेगळे आहेत. एखादे साधन मूल आज कुपोषित आहे का ते शोधते, एखादे पुढे बिघडेल का याचा अंदाज करते. वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे वेगळी येणारच. तापमापक आणि हवामानाचा अंदाज यांत मेळ बसत नाही, म्हणून कोणी तापमापक मोडीत काढत नाही. वजन-उंची मोजणे आणि जोखमीचे प्रश्न विचारणे, या दोन्ही गोष्टी लागतात. एकीने दुसरीची जागा घेता येत नाही.

६. भारतीय वॉर्ड

वर उल्लेखलेली साधने मुख्यतः युरोपातल्या वॉर्डांसाठी घडली. तिथे सर्वसाधारण मूल घरून पोसलेले येते आणि आजाराने खालावते. २५६७ मुलांच्या त्याच युरोपीय पाहणीत दाखल होताना उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेली मुले सुमारे ७ टक्के होती. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे, १९.३ टक्के मुले रोडावलेली आहेत आणि ३२.१ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. हे आकडे घरोघरच्या मुलांचे आहेत, रुग्णालयातल्या आजारी मुलांचे नव्हेत. म्हणजे आपल्या वॉर्डमधले मूल दोन ओझी घेऊन येते, जुन्या उणिवेचे आणि नव्या आजाराचे.

याचे परिणाम चाळणीवर होतात. 'वजन नुकतेच घटले का?' या प्रश्नाला ज्या मुलाचे वजन कधी धड वाढलेच नाही, त्याची आई 'नाही' म्हणेल, आणि ते खरेच असेल. 'नेहमीपेक्षा कमी खातो का?' या प्रश्नातले 'नेहमी'च अपुरे असू शकते. उंची खुंटलेल्या मुलाचे वजन उंचीच्या मानाने ठीक दिसते आणि ते चाळणीतून सुटते. वॉटरलो यांनी १९७२ मध्ये दाखवलेला फरक इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. 'मूल पाहून काय वाटते?' हा प्रश्नही सरळ नाही. वॉर्डमधली बहुतेक मुले बारीक असली की बारीकपणा डोळ्यांना नेहमीचा वाटू लागतो.

आपल्याकडे तीव्र कुपोषित मुलांसाठी वेगळी वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवी वाढ-मानके दिली. ज्या सहा ठिकाणच्या मुलांवरून ती ठरली त्यांत नवी दिल्लीही होती. २००९ मध्ये संघटनेने आणि युनिसेफने ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी असणे हा तीव्र कुपोषणाचा निकष ठरवला. २०११ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा मुलांच्या रुग्णालयीन उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पोषण पुनर्वसन केंद्रे त्यांनुसार चालतात. पण तिथे येणारे मूल कुपोषित म्हणून आधीच ओळखले गेलेले असते. शेजारच्या सामान्य वॉर्डमध्ये न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या मुलाचा दंड कोणी मोजला का, हा प्रश्न उरतोच. दहा वर्षांच्या, हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची असलेल्या मुलीसाठी तर ती पट्टी आणि तो ११५ चा आकडा लागूच होत नाही.

ओळखल्यावर पुढे काय, हेही तितकेच मोलाचे आहे. स्कोफिल्ड आणि ॲशवर्थ यांनी १९९६ मध्ये दाखवले की तीव्र कुपोषणाने दाखल झालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण १९५० च्या दशकापासून जवळजवळ बदललेले नव्हते. ते २० ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. उपचारांचे ज्ञान नव्हते असे नाही, वॉर्डमधली पद्धत चुकीची होती. सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी औषधे देणे, शरीर सावरायच्या आधीच भरपूर प्रथिने देणे, सलाईनचा अतिरेक करणे. पुढे पायऱ्यापायऱ्यांची साधी कार्यपद्धती लिहिली गेली ती यासाठीच. विल्सन-युंग्नर यांचा निकष पुन्हा आठवा. चाळणीचा कागद भरून फाइलला लावला आणि दुपारच्या ताटात काही बदलले नाही, तर त्या कागदाने मुलाला काहीच दिले नाही.

समारोप

या इतिहासात नवे यंत्र क्वचितच दिसते. काटा, टेप, पट्टी आणि चार प्रश्न एवढ्यावर सगळे चालले. बदलत गेला तो प्रश्न. गोमेझ यांनी विचारले, 'यांतले कोणते मूल दगावेल?' गावांत आणि छावण्यांत विचारले गेले, 'कोणते मूल आज कुपोषित आहे?' पॅरिस, ग्लासगो आणि नेदरलँड्समध्ये विचारले गेले, 'इथे असताना कोणते मूल खालावेल?' भारतीय वॉर्डला हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी, एकाच मुलाबद्दल विचारावे लागतात. त्यासाठी बाहेरून आणलेली सीमारेषा आपल्या मुलांवर तपासून घ्यावी लागेल, आणि कोणती चूक आपल्याला जास्त महाग पडते हे आधी ठरवावे लागेल. खोट्या इशाऱ्याची किंमत म्हणजे आहारतज्ज्ञाची वीस मिनिटे. निसटलेल्या मुलाची किंमत आपण वर पाहिली आहे.

केसपेपरच्या कोपऱ्यातला वजनाचा आकडा आजही रोज लिहिला जातो. डोस ठरवून झाल्यावर तो आणखी एकदा वाचायला अर्धा मिनिट लागतो.

विचारासाठी प्रश्न

१. गोमेझ यांच्या श्रेणी आणि वॉटरलो यांचे निर्देशांक यांतील फरक दोन काल्पनिक मुलांची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. १००० पैकी २५० मुले जोखमीत असलेल्या वॉर्डसाठी, संवेदनशीलता ६० टक्के व विशिष्टता ९२ टक्के धरून, निसटलेली मुले, खोटे इशारे आणि खऱ्या इशाऱ्यांचे प्रमाण काढा.

३. सीमारेषा सैल करून संवेदनशीलता ८० टक्क्यांवर नेली आणि विशिष्टता ७५ टक्क्यांवर आली, तर वरील उत्तरे कशी बदलतील? एकच आहारतज्ज्ञ असलेल्या जिल्हा रुग्णालयासाठी तुम्ही कोणती सीमारेषा निवडाल? कारणे द्या.

४. 'नेहमीपेक्षा कमी खातो का?' हा प्रश्न तुमच्या भागातील पालकांना त्यांच्या भाषेत कसा विचाराल, म्हणजे उत्तर उपयोगी पडेल?